पत्रिकेतला मंगळ

मंगळ या शब्दाचे आपल्या भाषेत केवढे कौतुक! मंगळागौर, मंगळसूत्र, मंगलाष्टके. लग्नघरातली निम्मी मंडळी त्याच्याच गोतातली. पण हाच मंगळ मुलीच्या पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात येऊन बसला की लग्नघराचे दार बंद! गंमत अशी की, चोवीस तासांत तो बाराही घरांतून फिरून येतो. म्हणजे दिवसाचे सुमारे दहा तास जन्मणारी सारी मुले मंगळाचीच. इतक्यांच्या सुखावर टाच आणणारा हा सावकार राहतो मात्र, अगदी जवळ आला तरी, साडेपाच कोटी किलोमीटरांवर.

आमच्या मोठ्या आंजीत तो ताईच्या सातव्या घरात होता. वर्धा-आर्वी रस्त्याने पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि आठवड्याने निरोप धाडायचे, "पत्रिका जुळली नाही." ताई शाळेत भूगोल शिकवी. ती काही बोलत नसे. आई मात्र मंगळवारचा उपास कडक करू लागली होती.

5 नोव्हेंबर 2013. भाऊबीज, आणि वारही नेमका मंगळवार! दुपारी 2 वाजून 38 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून मंगळयान उडायचे होते. ताईने ओवाळणीचे ताट बाजूला ठेवले आणि ती टीव्हीसमोर जाऊन बसली. आग ओकीत अग्निबाण वर गेला. आजीने विचारले, "त्यात कोन बसलं हाये?"

"कोणीच नाही, आजी."

"मंग त्याले वाट कोन दाखवन?"

शास्त्रज्ञांनाही हाच घोर होता. 1,337 किलोंचे ते यान आधी पृथ्वीभोवतीच मोठमोठ्या फेऱ्या घालीत राहिले आणि 1 डिसेंबरला तिचा निरोप घेऊन निघाले. मंगळापाशी पोचेल तेव्हा इथला संदेश तिथे जायला 12 मिनिटांहून अधिक लागणार. ऐनवेळी "अरे, थांब" म्हणायची सोय नाही. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच त्याच्या पोटात भरून ठेवलेल्या. मुख्य इंजिन तर जवळजवळ 300 दिवस निजलेले. ते वेळेवर जागे होऊन सुमारे 24 मिनिटे उलट जोर लावील, तरच वेग कमी होणार. नाही तर यान मंगळाला ओलांडून कायमचे निघून जाणार. ताईने दिनदर्शिकेवर 24 सप्टेंबर 2014 या तारखेभोवती खूण केली. वर्षभर तिने दुसरी कुठली तारीख मोजल्याचे मला आठवत नाही.

तो दिवस घटस्थापनेच्या आदला. यान मंगळाआड गेले, संपर्क तुटला. आईची पोळी तव्यावर करपली. आठच्या सुमारास बातमी आली, आणि ताई रडली. मी तिला त्यापूर्वी रडताना पाहिले नव्हते. नकार आले तेव्हाही नाही.

पुढे यानाने चित्रे पाठवली. 1965 साली अमेरिकेच्या मरिनर-4ने पाठवलेल्या 22 चित्रांनी तिथले कालवे खोटे ठरवून खड्डे दाखवले होते. आमच्या यानाने रंगीत खड्डे दाखवले. तांबूस, उजाड, आपल्या पोटापुरते दु:ख असलेला एक ग्रह. आईने वर्तमानपत्रातले ते चित्र बराच वेळ निरखले. "हाच का तो?" एवढेच म्हणाली.

त्या हिवाळ्यात पुलगावचे पाहुणे आले. त्यांनी पत्रिकेचा विषय काढताच ताईच्या आधी आईच बोलली, "पत्रिका आम्ही देत नाही. मुलगी समोर आहे." पाहुणे हसले; त्यांच्या मुलाची कधी मांडलीच नव्हती म्हणे.

सहा महिन्यांच्या बोलीने गेलेले ते यान जवळजवळ आठ वर्षे टिकले. 2022 साली त्याचा संपर्क कायमचा तुटल्याचे जाहीर झाले, तेव्हा ताईची थोरली पहिलीत होती.