हंगामाच्या आरंभीची वाट

बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरम् ही वस्ती आहे. व्यवहारात तिला सारे के. आर. पुरम असेच म्हणतात. रेल्वेमार्गावर पोलादी दोरांनी तोलून धरलेला भव्य पूल ही तिची खूण. हा पूल २००३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. खालून आगगाड्या, वरून मोटारी आणि शेजारून २०२३ पासून मेट्रो, अशी येथे अहोरात्र वर्दळ असते. अशा ठिकाणी राहणाऱ्याला रविवार उजाडताच झाडी आणि डोंगर यांची ओढ लागावी, यात नवल नाही.

ती ओढ भागविणारे स्थान फार दूर नाही. बुदिगेरेवरून देवनहळ्ळी गाठावी आणि तेथून पुढे जावे, की पन्नास-साठ किलोमीटरांच्या प्रवासानंतर नंदीदुर्गाचा डोंगर समोर उभा राहतो. त्याची उंची १,४७८ मीटर, म्हणजे बंगळूरहून साडेपाचशे मीटरांनी अधिक. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि माथ्यावर योगनंदीश्वराचे. माथ्यावरील दाट झाडी धुक्याच्या ओलाव्यावर पोसलेली असून तिच्या खोडाखोडावर शेवाळाची मखमल असते. १९२७ साली कोल्हापूर-निपाणीकडील दौऱ्यात गांधीजींची प्रकृती बिघडली, तेव्हा विश्रांतीसाठी त्यांनी याच डोंगराचा आश्रय घेतला होता.

माथ्यापर्यंत मोटाररस्ता जातो. परंतु सुलतानपेठेकडून चढणारी अकराशेहून अधिक पायऱ्यांची जुनी वाटही आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. वय सत्तरीचे; पण अजिंक्यतारा चढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना मोटारीतून गड पाहणे कसे रुचावे? “पायऱ्यांनीच जाऊ,” असे त्यांनी म्हटले आणि मीही मोठ्या उत्साहाने होकार दिला. दसरा नुकताच झाला होता. दसरा उलटला की गडांच्या वाटा मोकळ्या होतात, ही आमच्या सातारकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

पायथ्याशी एक वृद्ध बाई पेरू विकत बसली होती. आम्हांला वर जाताना पाहून ती म्हणाली, “निधान, स्वामी, निधान.” कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे हळू, सबुरीने. मी हसून मान डोलावली आणि पुढे निघालो.

वाट खरोखर रमणीय होती. दोन्ही बाजूंना धुतलेली हिरवळ, पायऱ्यांच्या सांध्यांतून झुळझुळणारे पाणी, पानापानावर थेंब. शंभर-दीडशे पायऱ्यांनंतर एक वळण वाचविण्यासाठी मी पायऱ्या सोडून बाजूच्या पायवाटेला लागलो. माझी दहा वर्षांची मुलगी माझ्यामागे धावली. पडलेल्या पानांचा गालिचा अंथरलेला होता. त्याखाली काय आहे, हे कोणाला दिसणार? पानांखाली शेवाळलेला उतरता कातळ होता. मुलीचा पाय सरकला आणि ती उताराकडे घसरू लागली. मागून येणाऱ्या अप्पांनी पायरीवर बैठक मारली आणि तिचा दंड घट्ट धरला. ती वाचली; पण अप्पांचे मनगट दुखावले. आम्ही तेथूनच परतलो. बाईने काही न बोलता मुलीच्या हाती एक पेरू ठेवला. त्या मौनाने मला शब्दांहून अधिक लाज वाटली.

माझी चूक केवळ पाय घसरण्याची नव्हती. ती पंचांगाची होती. सह्याद्रीत ऑक्टोबरात पाऊस ओसरतो. बंगळूरच्या पठारावर मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच मोठ्या पावसाचे महिने. त्यानंतरही ईशान्येकडील मोसमी वारे येतात आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठले तर नोव्हेंबरही भिजतो. शिवाय खडक निराळा. आपल्याकडील काळ्या कातळाला थरांची, टप्प्याटप्प्यांची ठेवण असते. येथील ग्रॅनाइटच्या जातीचा खडक घुमटासारखा गुळगुळीत, त्यावर मातीचा थर पातळ. मुरलेले पाणी खडकावर अडते आणि माती व खडक यांच्यामधून वाहू लागते. वरून भक्कम दिसणारी जमीन आतून सुटलेली असते.

याचा प्रत्यय २०२१ च्या ऑगस्टअखेर साऱ्यांनाच आला. अतिवृष्टीने डोंगराची बाजू कोसळून वर जाणारा मोटाररस्ता तुटला. दुरुस्तीनंतर नंदीदुर्ग प्रवाशांसाठी पुन्हा खुला झाला तो १ डिसेंबरला.

हंगामाच्या आरंभाचा हा फसवेपणा उष्ण प्रदेशापुरताच नाही. कॅनडासारख्या देशांत अरण्यातून हिमगाड्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारी, हाकण्याचा छंद मोठा आहे. पहिला हिमवर्षाव झाला की रान पांढरेशुभ्र दिसते आणि उतावळ्यांचे हात शिवशिवू लागतात. परंतु त्या कोवळ्या बर्फाखाली दगड, झाडांचे बुंधे आणि न गोठलेली दलदल दडलेली असते. तळ्यावरचे पातळ बर्फ तर जीवघेणे. जमीन गोठावी, बर्फ साचावे, दाबून घट्ट व्हावे, मगच वाट खरी. आपल्या काश्मीरातही २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलां’ला खऱ्या हिवाळ्याचा मान आहे. तेथे बर्फाचे पांघरूण, येथे पानांचे; पायाखाली दडलेला धोका मात्र एकाच जातीचा.

अप्पा साताऱ्याला परतले, मनगट बरे झाले आणि संक्रांतीनंतर ते पुन्हा आले. यावेळी आम्ही पहाटे निघालो. धुके होते, पण पायऱ्या कोरड्या, माती बसलेली, पाने कुरकुरीत वाळलेली. कोणी पायऱ्या सोडल्या नाहीत. मुलीने या खेपेस आजोबांचा हात धरला होता. कोण कोणास सांभाळीत होते, हे सांगणे कठीण. दर शंभर पायऱ्यांवर आम्ही बसत होतो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा धुके विरले होते आणि दक्षिणेकडे आमच्या वस्तीच्या दिशेने उन्हात पठार उजळत होते. अप्पा योगनंदीश्वरापुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

रानवाटेला जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या गावची समजूत सोबत नेऊ नये. त्या ठिकाणचा पाऊस कधी थांबतो, वाट कधी वाळते, हे तेथील रहिवाशांस विचारावे; मोठा पाऊस झाल्यावर चार-सहा कोरडे दिवस जाऊ द्यावेत; आणि मुलांना बांधलेली वाट सोडू देऊ नये.

उतरताना ती बाई दिसली. अप्पांनी तिच्याकडील पेरू घेतले आणि आपल्या मोडक्या कन्नडमध्ये तिला म्हणाले, “निधान, अम्मा, निधान.” ती खळखळून हसली. परतीच्या मोटारीत अप्पा मुलीला समजावीत होते, की आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन भाषांतील ते दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत, असे मला त्या दिवशी वाटले.