फ्लॉरेन्स : पैशाची काटकसर आणि शक्तीचा हिशेब

उतारवयात परदेशप्रवासाला निघताना दोन गोष्टी मोजून खर्चाव्या लागतात : पैसा आणि शक्ती. तरुण प्रवासी बहुधा पहिलीचाच विचार करतो. ज्येष्ठांना आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलासुनांना दुसरीचाही हिशेब ठेवावा लागतो. इटलीतील फ्लॉरेन्स या कलानगरीत हे दोन्ही हिशेब पुष्कळदा जुळतात. जेथे जुळत नाहीत, तेथे मात्र शक्तीचीच बाजू घ्यावी.

फ्लॉरेन्सचा जुना भाग आटोपशीर आहे. मुख्य चर्च, नगरचौक, उफीझी कलासंग्रहालय आणि आर्नो नदीवरील पोंते वेक्यो हा पूल एकमेकांपासून फार दूर नाहीत. रस्ते दगडी फरशीचे व ठिकठिकाणी उंचसखल असल्याने जाड तळव्याची, पायांना सरावलेली पादत्राणे घालावीत. ब्रुनेलेस्कीने उभारलेला चर्चचा भव्य घुमट 1436 मध्ये पूर्ण झाला. त्यावर जाण्यासाठी 463 पायऱ्या आहेत, शेजारच्या घंटामनोऱ्याला 414. लिफ्ट दोन्हीकडे नाही. गुडघे किंवा हृदय दुबळे असलेल्यांनी हा मोह टाळावा. चर्चच्या मुख्य सभागृहात प्रवेश विनामूल्य आहे, आणि घुमटाची भव्यता खालच्या चौकातूनही मनात भरते.

नगरचौक म्हणजे पियात्सा देल्ला सिन्योरिया. येथे मायकेलँजेलोच्या डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा 1873 मध्ये अकादमिया संग्रहालयात हलवण्यात आला. शेजारच्या कमानदार मंडपात, लोज्या देई लांझीत, चेल्लिनीचा पर्सियस आणि जांबोलोन्याची शिल्पे उघड्यावर आहेत. त्यांना तिकीट नाही आणि वेळेचे बंधन नाही. एखादे शिल्प पाहावे, विसावा घ्यावा, मग पुढचे पाहावे.

उफीझीसाठी तिकीट आधी आरक्षित केल्यास रांगेतील ताटकळणे कमी होते. केवळ वयामुळे भारतीय ज्येष्ठांना सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. दिव्यांग व्यक्ती व तिच्या सोबत्यासाठी असलेल्या सोयींची मात्र आधी चौकशी करावी आणि प्रमाणपत्र जवळ ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात; पण त्या दिवशीची गर्दी पाहता वाचलेल्या पैशांपेक्षा थकवाच अधिक पदरी पडण्याचा संभव असतो. दिवसाला एकच संग्रहालय, तेही सकाळी, आणि दुपारी विश्रांती, हा क्रम बहुतेकांना सोसवतो.

फ्रेंच लेखक स्तांदाल एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथील सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या छातीत धडधडू लागले आणि आपण आता कोसळू, असे त्याला वाटले. पुढे याच शहरातील मनोविकारतज्ज्ञ ग्रात्सिएला मागेरिनी यांनी कलादर्शनाने व्याकूळ झालेल्या पर्यटकांचा अभ्यास करून या अवस्थेला स्तांदालचे नाव दिले. ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली रोगसंज्ञा नव्हे. वृद्ध व्यक्तीला घेरी आली, तर कारण बहुधा साधे असते : ऊन, कमी प्यायलेले पाणी, चुकलेले जेवण, मधुमेहात उतरलेली साखर किंवा फार वेळ उभे राहणे. ताबडतोब बसवावे व पाणी द्यावे. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असे काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता 112 या क्रमांकावर साहाय्य मागावे. 1288 मध्ये स्थापन झालेले सांता मारिया नुओव्हा हे रुग्णालय शहराच्या मध्यभागी आजही चालू आहे.

काही ठिकाणी काटकसर महागात पडते. इटलीत काउंटरशी उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त असते, टेबलाशी बसून घेतलेली बरीच महाग. तरीही पाय दुखत असताना त्या खुर्चीचे पैसे द्यावेत. त्यात विश्रांती मिळते आणि स्वच्छतागृहाचीही सोय होते. परतीच्या वाटेवर टॅक्सी, पुरेशी औषधे हातसामानात आणि जुन्या आजारांचाही समावेश असलेला प्रवासविमा, यांवरही हात आखडू नये. जुलै-ऑगस्टचा कडक उन्हाळा टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा.

आता आठवणीच्या वस्तूंविषयी. पोंते वेक्योवर 1593 पासून सोनारांची दुकाने आहेत. ती डोळ्यांनी पाहण्यातच समाधान मानावे. खरेदीसाठी सान लोरेंझोचा बाजार किंवा मेर्कातो नुओव्हो हा मंडप बरा. या मंडपापाशी रानडुकराच्या कांस्यमूर्तीचे नाक चोळले की पुन्हा फ्लॉरेन्सला येणे घडते, अशी समजूत आहे. पर्यटकांच्या हातांनी ते नाक लखलखीत झाले आहे. चामड्याची खूणपट्टी किंवा नाण्यांचे पाकीट, संगमरवरी नक्षीच्या रंगीत कागदाची छोटी वही, नातवंडांसाठी लाकडी पिनोकिओ या वस्तू हलक्या असतात आणि खिशाला परवडतात. पिनोकिओचा निर्माता कोलोदी याच शहरात जन्मला होता. बदामाची कांतुच्ची बिस्किटे फार कडक असतात. कवळी असलेल्यांनी ती चहात बुडवूनच खावीत, आणि मधुमेहींनी बेताने. रस्त्यावर मांडलेल्या नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या मात्र घेऊ नयेत. तेथील कायद्यानुसार विकत घेणाऱ्यालाही मोठा दंड होतो.

सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे चित्रकार्ड. घरी अंथरुणाला खिळलेली आजी किंवा स्मरण मंदावलेले आजोबा असतील, तर त्यांच्यासाठी कार्ड तिथल्या तिथे लिहावे : मागच्या बाजूला तारीख, त्या दिवशी काय पाहिले, काय खाल्ले, त्यांची आठवण कशावरून झाली. परतल्यावर ते त्यांच्या हाती देऊन वाचून दाखवावे. मोठ्या शोभेच्या वस्तूपेक्षा अशा चार ओळींतून बोलणे अधिक सहज सुरू होते.

मराठी प्रवाशाने या शहरात आणखी एक स्थळ पाहावे. 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वाटेत आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथेच निवर्तले. त्या वेळी ते अवघ्या विशीत होते. आर्नो व मुन्योने यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले, आणि 1874 मध्ये तेथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला. जवळच्या आधुनिक पुलालाही लोक त्या भारतीयाच्याच नावाने ओळखतात. काशीने या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला हे स्मारक असल्याने तेथवर पायी जाण्याचा अट्टहास न करता टॅक्सी करावी आणि परतीचीही सोय आधीच ठरवावी.

घरापासून इतक्या दूर एका तरुण राजाची यात्रा आजारपणाने संपली. आज विमान आहे, विमा आहे, औषधे आहेत. तरीही दूरदेशी प्रकृतीला जपणे हे प्रवाशाचे पहिले काम आहे. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, रोजच्या औषधांची यादी त्यांतील मूळ घटकांच्या नावांनिशी लिहून घ्यावी आणि तिची एक प्रत सोबत्याजवळ द्यावी. पाहायच्या स्थळांची यादी त्यानंतर करावी, आणि ती निम्मी राहिली तरी खंत बाळगू नये.