बाळाचं वजन वाढल्यावर ऑपरेशन केलं तर चालणार नाही का?

जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळाचे घरचे मला बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. अडीच-तीन किलोचं बाळ, त्याच्या मुठीएवढं हृदय, त्यावर ऑपरेशन म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण थांबायचं की नाही, हे मुख्यतः दोष कोणता आहे त्यावर ठरतं.

काही बाळांमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच जातं आणि फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसात. दोन्हींची थोडी सरमिसळ होते म्हणूनच बाळ जगतं. ही सरमिसळ ज्या जोडवाहिनीतून होते, ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप बंद होऊ लागते. ती उघडी ठेवायला आम्ही प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून चालू करतो. त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून अशा बाळाला दुसऱ्या गावी नेताना सोबत प्रशिक्षित माणूस हवाच. कधी फुग्याच्या साहाय्याने हृदयातलं छिद्र मोठं करावं लागतं. डॉ. राशकिंड यांनी ही पद्धत १९६६ मध्ये मांडली.

पण हे सगळं तात्पुरतं. खरा उपाय म्हणजे रक्तवाहिन्या आपापल्या जागी जोडणं. ते पहिल्यांदा यशस्वीपणे केलं ब्राझीलच्या डॉ. जातेने यांनी, १९७५ मध्ये.

एका आजींनी मला बजावलं होतं, "सव्वा महिना तरी होऊ द्या. तोवर आम्ही लेकराला उंबऱ्याबाहेर काढत नाही."

मी म्हटलं, "आजी, सव्वा महिन्यानंतर हे ऑपरेशन अवघड होऊन बसेल."

कारण असं की, या बाळांमध्ये हृदयाचा डावा कप्पा फक्त फुप्फुसाला रक्त पुरवतो. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरतो, काम हलकं होतं आणि तालीम सोडलेल्या पैलवानासारखा तो कप्पा ढिला पडत जातो. ऑपरेशननंतर साऱ्या शरीराचा भार त्याच्यावरच येणार असतो. म्हणून शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करतात. फार उशीर झाला, तर त्या कप्प्याला पुन्हा तयार करायला कधी कधी आधी वेगळं ऑपरेशन करावं लागतं.

आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बारसं मग दवाखान्यातच करायचं म्हणा की." ऑपरेशन दहाव्या दिवशी झालं. बारसं मात्र बाळ घरी गेल्यावरच झालं.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर गणित वेगळं. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, तिथे थांबणंच शहाणपणाचं. मोठं असेल तर दीड-दोन महिन्यांचं बाळ दूध पिताना धापा टाकतं, कपाळावर घाम येतो, दोन घोट पिऊन दमून झोपतं. इथे "वजन वाढू दे" हा युक्तिवाद उलटा पडतो. दुधातून मिळालेली ताकद श्वास घेण्यातच खर्च होते, म्हणून तर वजन वाढत नाही. औषधांनी थोडे दिवस निभावतं. पण ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान व्हावं. वर्षानुवर्षं रेंगाळलं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग छिद्र बुजवताही येत नाही. अशी दहा-बारा वर्षांची मुलं समोर येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून घ्या. काही मिनिटांचं काम आहे, सुई टोचावी लागत नाही. आकडा ९५ पेक्षा कमी आला, किंवा हात आणि पाय यांत तीनपेक्षा जास्त फरक दिसला, तर डॉक्टरांना पुन्हा मोजायला सांगा. तसाच येत राहिला तर इको केल्याशिवाय घरी जाऊ नका. ९० च्या खाली असेल तर पुन्हा मोजण्यातही वेळ घालवू नका.