भर दुपारची आरोळी

पुण्याच्या शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी आरोळी उठते, ही गोष्ट लहानपणी ज्याच्या कानावर पडली नाही असा मराठी माणूस विरळाच. आम्ही इंदूरचे. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी कारकुनी करावयास माळव्यात आले आणि मग पुणे आमच्या घरात उरले ते पंचांगात, पक्वान्नांत आणि या एका आरोळीत. आजी ही गोष्ट दिवेलागणीनंतरच सांगे. 'भूत' हा शब्द ती तोंडातून काढीत नसे. 'ते पोर' म्हणे. आणि आरोळीपाशी आली की आपला आवाज इतका खाली आणी की आम्हां मुलांना पुढे सरकून ऐकावे लागे.

त्या पोराला कोणत्या योनीत घालावे हे मात्र कोणी सांगितले नाही. आपल्याकडे पिशाच्चांचीही जातवारी चोख असते. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा आणि पिंपळावर राहिला. वासना ठेवून गेला तो समंध आणि पुरलेल्या धनावर बसला. नारायणराव पेशव्यांचे लग्न झालेले होते, तेव्हा ते मुंजा नव्हेत. आणि त्यांनी कोणाचे धन अडविल्याचे किंवा कोणाला झपाटल्याचेही ऐकिवात नाही. हे पिशाच्च फक्त मदत मागते. इतके निरुपद्रवी भूत महाराष्ट्रात दुसरे नसावे.

वाडा पहिल्या बाजीरावांनी बांधविला. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पाया घातला आणि 1732 साली वास्तुशांत झाली. थोरले माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात थेऊर येथे वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. नऊ महिने कसेबसे गेले. 30 ऑगस्ट 1773 रोजी थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग त्यांच्या पुढे होता. अठरा वर्षांचा पेशवा धावत चुलत्याच्या दालनात गेला, त्यांना मिठी मारली, आणि तेथेच तो मारला गेला.

हा दिवस कोणता होता? भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. पौर्णिमा अजून यावयाची होती. आणि वेळ? भर दुपारची. गणपतीचे दिवस, वाड्यात माणसांचा राबता, बाहेर पेठा चालू. दंतकथेने तिथी तर बदललीच, पण दिवसाची रात्र केली, हे आम्हांला अधिक विचार करण्याजोगे वाटते. रात्रीच्या निर्जन वाड्यात कोणी ओरडले तर धावून जाण्याचे कर्तव्य कोणाच्याच माथी येत नाही. ऐकणाराने अंथरुणात कूस बदलली तरी चालते. दुपारच्या आरोळीचे तसे नाही. ती ऐकणारी माणसे होती, त्यांना हातपाय होते, कित्येकांच्या कमरेला तलवारीही असतील. त्याच दिवशी सकाळी रघुजी आंग्रे यांनी पेशव्यांना सावध केले होते आणि पेशव्यांनी ती गोष्ट हरिपंत फडक्यांच्या कानावर घातली होती, असे इतिहासकार लिहितात. हरिपंत जेवावयास गेले. ते पुढे मोठे सेनानी म्हणून नावाजले. त्या दुपारचे जेवण मात्र कोणत्याही भुताच्या गोष्टीत आलेले नाही.

त्याऐवजी आनंदीबाई आली. कागदावरील 'धरावे' चे तिने 'मारावे' केले, ही 'ध' चा 'मा' ची कथा भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे. पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही. पण एक बाई आणि एक अक्षर सापडले की साऱ्या दरबाराची सुटका होते. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' ने 1909 साली आणि प्रभातच्या 'रामशास्त्री' ने 1944 साली रघुनाथरावांना दोषी ठरविणारा न्यायाधीश घरोघर पोचविला, हे आम्ही महाराष्ट्राचे भाग्य मानतो. तरीही पोरे खेळताना अजून चुलत्याच्या मागे दडून "काका, मला वाचवा" असे ओरडतात आणि घर हसते. आजी मात्र त्या खेळाला हसत नसे.

या प्रकरणाचा एक धागा आमच्या माळव्यातही येतो. परागंदा झालेल्या रघुनाथरावांनी गरोदर आनंदीबाईला धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयाला ठेवले आणि 1775 च्या जानेवारीत तेथे मुलगा झाला. तो दुसरा बाजीराव, शेवटचा पेशवा. धारला जाणाऱ्या किती मराठी मंडळींना हे स्मरते कोण जाणे. तेथे कोणी ओरडत नाही, म्हणून कदाचित कोणी विचारीत नाही.

खुद्द वाडा 1828 च्या फेब्रुवारीत पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. ते दालन गेले, माड्या गेल्या. आज तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंजे पाहावयास मिळते. ज्या नारायण दरवाजातून शव बाहेर नेले असे मानतात तोही उभा आहे. याच वाड्यात नारायणरावांचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा सवाई माधवराव 1795 च्या ऑक्टोबरात माडीवरून खाली पडून गेला. वय एकवीस. बापाहून तीनच वर्षांनी मोठा. त्याचे भूत कोणी घातले नाही.

आणि चापाजी टिळेकर. हा पेशव्यांचा खिजमतगार. गारदी वार करीत असता तो धन्याच्या अंगावर पालथा पडला आणि धन्याबरोबर तुटून मेला. त्या सबंध दुपारी आरोळीला प्रत्यक्ष उत्तर दिले ते त्याने. आम्ही आजीला एकदा विचारले होते, की तो रात्री दिसतो का? आजी म्हणाली, "तो कशाला येईल? त्याचे काम झाले होते."