सदऱ्याची गुंडी

सिगारेट सोडणाऱ्याला लोक आधी शाबासकी देतात आणि मग पेढा. तुळजापुरात पेढ्यांना तोटा नाही. आणि प्रसादाला नाही म्हणायचे तरी कसे? दोन महिन्यांत माझ्या सदऱ्याची गुंडी कुरकुरू लागली. "यापेक्षा ओढत होतात तेच बरे!" असे एक स्नेही म्हणाले, आणि क्षणभर मलाही ते पटले. मोह पुष्कळदा असा तब्येतीची काळजी घेऊनच येतो.

डॉक्टरांनी हिशेब मांडला. निकोटीन भूक मारते आणि शरीराचे इंधनही थोडे जास्त जाळते. ते थांबले की वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते. त्यातले बरेचसे पहिल्या ३ महिन्यांत. तरीही सोडल्याचा लाभ कितीतरी मोठा. मला वडील आठवले. बिड्या ओढत ते साठीच्या आतच गेले. सदरा मात्र अखेरपर्यंत ढगळ होता.

मग मी पेढा अर्ध्यावर आणला, खिशात बडीशेप ठेवली आणि रोज पहाटे देवळाच्या पायऱ्या उतरू लागलो. भवानीआईचे देऊळ खोलात आहे. इथे दर्शन आधी आणि चढण नंतर. पूर्वी चढताना मध्येच थांबून मी शिखराची शोभा पाहत असे. हल्ली तशी शोभा पाहावी लागत नाही. वजन अजून २ किलो जास्तच आहे. असू दे. तेवढे ओझे घेऊन मी न थांबता वर येतो.