ती गाडी दादाची होती

डिसेंबरात मी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. म्युनिकमध्ये 'बीएमडब्ल्यू वेल्ट' नावाचं कंपनीचं भलंमोठं प्रदर्शन आहे. तिथे २०२४ च्या अखेरीस एक गाडी मांडली होती. चंदेरी अंग, त्यावर निळे फराटे, मागे टेबलाएवढा पंख. एम थ्री जीटीआर. खाली मी लिहिलं, 'ओळख पाहू!' आणि वाट पाहत बसले. तासाभराने उत्तर आलं. एक अंगठा. बस्स.

आता त्या अंगठ्याचं मला इतकं का लागावं, हे कळायला तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल.

'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' हा गेम २००५ चा. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो कुठल्या ना कुठल्या सायबर कॅफेत तासाचे दहा-वीस रुपये मोजून खेळलेला असणार, त्यामुळे त्यांनी पुढची चार वाक्यं सोडली तरी चालतील. बाकीच्यांसाठी : रॉकपोर्ट नावाचं शहर. तुम्ही येता ते थेट या एम थ्रीमधून. दहा-पंधरा मिनिटं ती चालवायला मिळते, हात बसतो, जीव जडतो आणि मग रेझर नावाचा एक टग्या गाडीत घातपात करून शर्यत जिंकतो, गाडी घेऊन जातो. तुम्ही पोलिसांच्या ताब्यात. सुटल्यावर एखादी साधी गाडी घ्यायची आणि पंधरा नंबरपासून एकेकाला हरवत वर चढायचं. पहिल्या नंबरवर कोण बसलाय? रेझर. कशात? तुमच्याच गाडीत.

आमच्याकडच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. मी मूलची. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधोमध, रस्त्याला लागून असलेलं तालुक्याचं गाव, भात आणि राईस मिलसाठी ओळखलं जाणारं. दिवाळी झाली की आमच्या भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या येतात, रात्रभर खेळ चालतो. पहिल्या अंकात खलनायकाने हिरोची जमीन कागदावर अंगठा घेऊन लुबाडायची आणि पहाटे पहाटे ती परत मिळायची. 'मोस्ट वाँटेड' म्हणजे तेच, फक्त जमिनीऐवजी बीएमडब्ल्यू.

आमच्या घरी जुना कॉम्प्युटर होता. त्यात दादाने कुठूनसं सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड आणून टाकलं. सीडी कुठून आली ते विचारू नका. साल २०१०. तो अठराचा, मी तेरा वर्षांची. प्रोफाइल एकच, त्याच्या नावाचं. स्टिअरिंग त्याचं, म्हणजे चार अ‍ॅरो की त्याच्या. नायट्रस आणि स्पीडब्रेकरची बटणं माझी. गेममध्ये स्पीडब्रेकर दाबला की सगळं जग संथ होतं आणि वळण सावरता येतं. बाबांना ते सांगितल्यावर ते हसले होते. राईस मिलमध्ये मुनीम असलेला माणूस, त्यांना स्पीडब्रेकर म्हणजे बसस्टँडसमोरचा ठाऊक. एकदा पाच मिनिटं मागे उभे राहून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "या गावात मानसं नाहीत काय?" खरंच नव्हती. रॉकपोर्टमध्ये गाड्या आहेत, पोलीस आहेत, पण रस्त्यावर एक माणूस नाही, गाय नाही, कुत्रं नाही. आम्ही वर्षभर खेळत होतो, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

आईचं म्हणणं वेगळं. एम थ्रीचा गिअर चढताना एक कर्कश सूं आवाज येतो, तो ऐकून ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "मिक्सर कोनी लावला वं?" आणि खरा मिक्सर लागला की व्होल्टेज पडून मॉनिटर मिचमिचायचा. त्यामुळे शर्यत चालू असताना वाटण बंद, हा घरातला नियम.

खरा व्हिलन मात्र रेझर नव्हता, भारनियमन होतं. चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता तेव्हा २,३४० मेगावॅट होती, आणि त्याच जिल्ह्यात आम्ही यूपीएसच्या दहा मिनिटांवर गाड्या पळवत होतो! शेवटच्या टप्प्यात रेझरशी एकापाठोपाठ एक शर्यती लागतात. त्या जिंकल्या की गाडी हातात येते आणि लगेच सगळं पोलीसदल मागे लागतं. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने आम्ही तिथेच अडकलो होतो. दादाने वहीच्या मागच्या पानावर वीज जायच्या वेळा लिहिल्या होत्या. ठरलं होतं की शेवटचा पाठलाग दोघांनी मिळून करायचा. पुलावरून उडी तो मारणार, स्पीडब्रेकर मी दाबणार.

एवढं काय होतं त्या गाडीत? तेव्हा माहीत नव्हतं, नंतर लेखांसाठी माहिती काढता काढता कळलं. ही गाडी रस्त्यासाठी जन्मलीच नव्हती. २००१ च्या अमेरिकन ल मान्स सीरिजमध्ये पोर्शेला हरवण्यासाठी बीएमडब्ल्यूने ती बनवली. दुकानात मिळणाऱ्या एम थ्रीला सहा सिलिंडरचं इंजिन, हिला मात्र चार लिटरचं व्ही-एट. त्या मोसमात जीटी गटाचं विजेतेपद तिच्यावर यॉर्ग म्युलरने मिळवलं. विकायला नसलेलं इंजिन शर्यतीत कसं, म्हणून ओरड झाली आणि २००२ साठी नियम बदलला : अशा किमान शंभर गाड्या आणि हजार इंजिनं बनवा, नाहीतर घरी बसा. बीएमडब्ल्यू घरी बसली. रस्त्यावरची आवृत्ती अडीच लाख युरोंना जाहीर झाली होती, पण प्रत्यक्षात बनल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. शर्यतीच्या गाड्या पुढे युरोपात आल्या आणि २००४ व २००५ मध्ये न्यूरबर्गरिंगची २४ तासांची शर्यत जिंकल्या. त्याच २००५ मध्ये गेम आला. म्हणजे रेझरने पळवायच्या आधीच ही गाडी एकदा काढून घेतली गेली होती, आणि तेही नियमाने. गंमत म्हणजे ते निळे फराटे गेमवाल्यांचे. १९ वर्षांनी कंपनीने आपल्या खऱ्या गाडीवर गेममधली रंगसंगती चढवून ती लोकांसमोर ठेवली, तोच तो फोटो.

असो. तर दादा. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने हट्टाने बाइक घेतली. चंद्रपूर ते मूल रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको : लोहारा सोडलं की जंगल सुरू. घंटाचौकी, चिचपल्ली, जानाळा. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, रात्री दिवे नाहीत. मित्रांकडून परतताना जानाळ्याच्या अलीकडे त्याच्यासमोर रानडुक्कर आलं. तो नेहमी म्हणायचा की आपला ब्रेकिंग पॉइंट पक्का आहे. डुकराला तो माहीत नव्हता. उजव्या पायाची दोन हाडं मोडली, रॉड टाकला, तीन आठवडे चंद्रपूरच्या एका दवाखान्यात.

त्या तीन आठवड्यांत मी जे केलं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

बाबा दवाखान्यात, आई दिवसाआड जाऊन-येऊन. घरात मी. पहिले काही दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग एका दुपारी लावला. मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मला ती गाडीही हवी होती, आणि पहिल्यांदाच अ‍ॅरो की माझ्या ताब्यात होत्या. तो बाजूला नसताना मी बरी चालवते, हे दुसऱ्याच शर्यतीत कळलं. कळलं आणि आनंद झाला! तो आनंद मला अजून आठवतो, आणि अजून लाज वाटते. वहीतल्या वेळा पाहून मी चौथ्या दिवशी रेझरला हरवलं. आई नुकतीच दवाखान्यातून आली होती, डबा हातात तसाच. पोलीस मागे लागले तशी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. पुलावरून उडी मारली तेव्हा स्पीडब्रेकर दाबायलाही मीच होते.

गाडी मिळाली. संध्याकाळपर्यंत मी ती रिकाम्या रॉकपोर्टमधून फिरवली. मग घाबरले. तो येऊन बघेल तेव्हा? प्रोफाइल त्याचं, गाडी त्याची, शपथ दोघांची. नशिबाने सेव्हचा फोल्डर मी आधी कॉपी करून ठेवला होता (म्हणजे मनात आधीपासून होतंच, नाही का?). जिंकलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि जुना परत जागेवर ठेवला. रेझर पुन्हा पहिल्या नंबरवर, एम थ्री पुन्हा त्याच्या गॅरेजमध्ये. जणू काही झालंच नाही.

दादा कुबड्या घेऊन घरी आला. एकदा गेम उघडला, थोडा वेळ मेनूकडे पाहिलं, बंद केला. पुन्हा कधी उघडला नाही. मी धरून चालले की अपघातामुळे वेगाची भीती बसली असेल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावंही लागलं असतं. बाइक विकली गेली. मी मास कॉमसाठी बाहेर पडले. तो गेली काही वर्षं मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो, ताडोबाची सफारी. वीसच्या पुढे काटा न्यायचा नाही, हॉर्न नाही. पर्यटक 'भैया, थोडा तेज' म्हणतात, तेव्हा तो फक्त आरशातून त्यांच्याकडे पाहतो, असं त्याचे मित्र सांगतात.

२०२५ मध्ये संक्रांत मंगळवारी आली. मंगळवारी ताडोबा बंद, म्हणून तोच मला घ्यायला चंद्रपूर स्टेशनवर आला. सेकंड हँड अल्टो. लोहारा ओलांडताना अंधार पडला होता, काटा चाळीसवर. मागून ट्रक, बोलेरो, सगळे ओव्हरटेक करून जात होते. चिचपल्लीच्या आसपास त्याने रेल्वेलाइनच्या दिशेने बोट दाखवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच पट्ट्यात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. मी गप्प बसले. मग म्हटलं, "तू फोटोला नुसता अंगठा दिलास."

"मग काय देऊ?"

आणि मी सांगून टाकलं. वही, चौथा दिवस, पेन ड्राइव्ह, सगळं. एका दमात, समोर रस्त्याकडे बघत.

"माहीत आहे मले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आईनं दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणे, तुही गाडी सोडवून आनली बहिनीनं, पोलीस मांगं लागले होते, तू लवकर बरा हो."

मला काय बोलावं सुचेना. "मग तू घरी आल्यावर खेळला का नाहीस?"

"गाडी सुटली होती ना. कायले खेळू?" थोडं पुढे गेल्यावर तो हसायलाच लागला. "उघडून पाहतो तं रेझर परत पहिल्या नंबरवर! म्हटलं, ही येडी वापस देऊन आली."

जानाळ्याच्या अलीकडे त्याने गाडी हळू केली, मग थांबवलीच. मला आधी काही दिसलं नाही. त्याने दिवे डिम केले आणि डावीकडून एकेक चितळ रस्त्यावर आलं. चार, पाच. मागे एक ट्रक येऊन थांबला.

"आहे काय तो पेन ड्राइव्ह?" दादाने विचारलं.

"आहे. ड्रॉवरमध्ये."

"चालते?"

"लावून नाही पाहिला."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. दादाने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली. अजून एक पाडस यायचं होतं.