कापून घेतलेला काठ

काचेमागे एवढासाच तुकडा असतो. जवसाच्या धाग्याचं कापड, हजार वर्षांत मधासारखं पिवळं पडलेलं, आणि त्यावर तांबड्या रेशमाची एक ओळ. अरबीतले अलिफ आणि लाम बोरूसारखे ताठ उभे. बाकीची अक्षरं त्यांच्या पायाशी बसलेली. आधी बिस्मिल्ला, मग खलिफाचं नाव, त्याच्यासाठी दुवा, कधी वजिराचं नाव, कारखान्याचं गाव, हिजरी साल. या पट्टीला तिराज म्हणत. ती असलेलं वस्त्रही तिराज, आणि ते विणणारा सरकारी कारखानाही तिराजच.

खलिफाचं नाव तीन ठिकाणी नांदायचं: शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यात (प्रवचनात), नाण्यावर आणि या काठावर. दरबारातून खिलत, म्हणजे मानाचं वस्त्र, मिळालं की ते नाव माणसाच्या दंडावर चढे. खिलत आपल्याही बखरींतून भेटते. अंगावर घेतलेलं वस्त्र म्हणजे पत्करलेली चाकरी, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

नाईल समुद्राला मिळते तिथे, मंझाला सरोवरातल्या बेटावर, तिन्नीस नावाचं विणकरांचं शहर होतं. अकराव्या शतकात इराणी प्रवासी नासिर खुसरोने इथल्या कापडाची कीर्ती लिहून ठेवली. फारसच्या राजाने शाही वस्त्रासाठी 20,000 दिनार पाठवले, तरी ते मिळालं नाही, असं नासिरच्या कानावर आलं होतं. त्याआधी दोनशे वर्षं याच बेटावर सीरियाचा ख्रिस्ती धर्मगुरू दियोनिसियस आला होता. विणकरांनी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं: चहूकडे पाणी, पेरायला जमीन नाही, प्यायचं पाणीसुद्धा विकत. बायका कातायच्या, पुरुष विणायचे, आणि दिवसाची मजुरी अर्धा दिरहम. त्यात घरच्यांची भाकरीही निघत नव्हती.

ते वीस हजार आणि हा अर्धा, दोन्ही एकाच मागावरचे. विणणारे बहुतेक कोप्ट ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेची भाषा निराळी, आणि हाताखाली उमटत होतं ते अरबीतलं ईश्वराचं नाव. विणणाऱ्याचं नाव कारखान्याच्या ओळीत बसत नसे.

माणूस गेला की कित्येकदा हेच वस्त्र त्याचं कफन होई. पुण्याईची अक्षरं चेहऱ्यावर यावीत, अशी घडी घातली जाई. इजिप्तच्या कोरड्या वाळूने ते सगळं सांभाळलं. तिन्नीस मात्र राहिलं नाही. युरोपातून येणाऱ्या क्रुसेडच्या भीतीने सलाउद्दीनने 1192 साली ते रिकामं करवलं आणि 1227 मध्ये सुलतान अल्-कामिलने पाडून टाकलं.

पुढे कैरोजवळच्या फुस्तातच्या कबरी उकरल्या गेल्या. उकरणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना भाव होता तो अक्षरांचा. त्यांनी कात्रीने काठ कापून घेतला आणि कोरं कापड फेकून दिलं. माझा जीव त्या फेकलेल्या कापडात अडकतो. अंगाला लागलं होतं ते तेच. खांद्यावर विरलेलं, घामाने मऊ झालेलं, कुणीतरी शेवटचं नीट ओढून घेतलेलं.

फ्रान्समधल्या आप्त गावच्या चर्चमध्ये असं एक वस्त्र जवळजवळ अख्खं आहे. 1096-97 च्या सुमारास इजिप्तमधल्या दमिएत्तात विणलेलं, फातिमी खलिफा अल्-मुस्तालीच्या नावाचं. भाविकांनी शतकानुशतकं ते संत ॲनची ओढणी म्हणून पुजलं. मला वाटतं, तिथे ते कुणाला वाचता आलं नाही, म्हणूनच ते वाचलं.

बाकी सगळीकडे तुकडे. काचेमागच्या या तुकड्यालाही ओळीच्या खाली जेमतेम दोन बोटं कोरं कापड उरलंय, आणि कडेला ताण्याचे तुटके धागे लोंबतायत. अक्षरं वाचून झाली की मी त्या दोन बोटांपाशी थांबतो. एका जागी सूत किंचित जाड झालंय. कातणारीचा हात तिथे क्षणभर थबकला असावा.